बगलफूट

ट्राममध्ये चढून कार्ड काढायला मी कोटाच्या खिशात हात घातला, तर हाताला काहीतरी मऊ आणि दमट लागलं. आधी वाटलं, नवऱ्याचा, लेनचा, रुमाल असेल. बाहेर काढून पाहिलं तर मूठभर हिरवे कोंब. बोटाएवढे, माना टाकलेले, मोडल्या जागी अजून ओले. ते यंत्रासमोर धरून मी तशीच उभी राहिले. मागून लोक चढत होते. त्यातली एक मुलगी, नाकात बारीक चमकी घातलेली, माझ्या हाताकडे पाहून हसली आणि हळूच म्हणाली, "आजी, आत ठेवा ते. सगळ्या डब्यात वास सुटलाय." तिने मला जागा करून दिली आणि मी बसल्यावर कानाशी वाकली. "कुठल्या दुकानातलं, तेवढं तरी सांगा." मी म्हणाले, "टोमॅटोचं आहे, बाळ." "हो तर," ती म्हणाली, "माझी आजीपण असलेच टोमॅटो लावते."

मी खोटं बोलले नव्हते. निदान त्या क्षणी तरी नाही. कोंब हातात आल्याबरोबर मला जे दिसलं ते काचघर होतं, सकाळची ओली काच, आणि दोन्ही हातांना उंच झाडांची भिंत. टोमॅटोचं झाड सरळ वाढवायचं असतं. एक खोड, एक सुतळी, वर तार. पानाच्या बेचक्यातून जी बगलफूट निघते ती झाडाचं खाणं पळवते, म्हणून आमच्याकडे तिला चोर म्हणत. दर आठवड्याला सगळ्या ओळीतले चोर काढत जायचं. अंगठ्याने कोंब बाजूला लोटायचा की तो कट्कन निघतो. नख लावायचं नाही, सुरी तर नाहीच. आणि काढलेला कोंब जमिनीवर टाकायचा नाही, कधीच नाही, त्याने रोग पसरतो. तो पुढच्या खिशात टाकायचा आणि ओळ संपली की खोक्यात खिसा रिकामा करायचा. मालक ओळीच्या तोंडाशी उभा राहून बायकांचे खिसे बघायचा. खिसा फुगलेला नसला तर म्हणायचा, "बाई, चोरांशी सलगी केलीत वाटतं." सतराव्या वर्षी मी तो एप्रन बांधला आणि बत्तीस वर्षांनी सोडला. तेव्हा कोटाच्या खिशात हे कोंब दुसऱ्या कुणी ठेवणं शक्य नव्हतं. ते मीच ठेवले होते, आज सकाळी. आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

सकाळचं जे आठवत होतं ते इतकंच. नऊ वाजता परिचारिका आली. लेनला धुऊन, कूस बदलून द्यायला ती तासभर थांबते, आणि तेवढ्यात मला औषधाच्या दुकानात जाऊन यायचं असतं. मी कोट चढवला. निघण्याआधी मागच्या खोलीत डोकावले, दिवा नीट जळतोय ना एवढंच पाहायला. मग परिचारिकेची हाक आली, "बाई, निघताय ना? मला पुढे अजून तीन घरं आहेत." आणि मग ट्रामचा थांबा. मधलं काही नाही. सुईत दोरा ओवावा आणि ओवल्याचं कळू नये तसं माझ्या हातांनी ते काम केलं होतं, आणि मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. सांधा सुजलेला, नखाच्या कडेला हिरवट काळं. टोमॅटोचा तो काळा चिकट थर हिरव्या टोमॅटोने हात चोळला की निघतो. हा निघत नाही. हा वेगळ्या झाडाचा होता.

ती गांजाची झाडं होती. पाच. हेन्नीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, जुन्या खोलीत, कापडी पिशव्यांत. आणली रिनसने. रिनस खालच्या मजल्यावर राहतो, जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, आणि त्याच्या न्हाणीघरात कायम एखाददुसरी पिशवी असायचीच. आमच्या गल्लीत ते कुणाला नवं नव्हतं. लेनच्या हाडांत दुखणं उतरलं त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तो झोपायचा, पण जागा व्हायचा तो अर्धाच. डोळे उघडे आणि आत कुणी नाही. दुकानातलं गांजाचं तेल आणून पाहिलं, त्याने मळमळायचं. मग एक दिवस रिनस बोटाएवढी बाटली घेऊन वर आला. "शेजारीणबाई, हे माझ्या घरच्या फुलांचं तेल. भाकरीवर दोन थेंब. उपयोग झाला नाही तर दाराच्या बिजागरीला घाला." तिसऱ्या दिवशी लेनने वाटीभर खीर मागितली. चौथ्या दिवशी तो मला नावाने हाक मारून म्हणाला, "कोब, तुझे केस कुणी कापले गं? आंधळ्याने?" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले. माझा नवरा परत आला होता.

माझा थांबा केव्हाच मागे गेला होता. चमकीवाली मुलगी उतरताना हात हलवून गेली. औषधाचं दुकान, बँक, चर्च, सगळं काचेवरून सरकत गेलं आणि मला उठवेना. उठलं की घरी जावं लागेल, आणि घरी गेलं की ती खोली उघडावी लागेल. मी खिशातले कोंब बोटांनी चाचपत राहिले. मोजत नव्हते. पण बोटांना अंदाज असतो. एका झाडाचे नव्हते ते, दोन झाडांचेही नव्हते.

रिनसच्या घरी वसंतात घरमालक संस्थेचा माणूस येऊन गेला. पाच झाडांकडे सरकार काणाडोळा करतं, दिव्याकडे करत नाही, आणि आमच्या ढगाळ देशात दिव्याशिवाय काय वाढतं? रिनसने कागदावर सही करून दिली की पुन्हा लावणार नाही, आणि त्याच संध्याकाळी दह्याच्या डब्यांत रोवलेली पाच कलमं माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवली. "मी सही केली, तुम्ही नाही केलीत," तो म्हणाला. हेन्नीने फोनवर ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू एक्क्याऐंशी वर्षांची आहेस. पोलिस आले तर?" मी म्हणाले, "कॉफी देईन. एकेक बिस्कीट." "हसण्यावारी नेऊ नकोस." मी हसत नव्हते. बाटलीत तीन बोटं तेल उरलं होतं आणि नवं तेल व्हायला सप्टेंबर उजाडणार होता. डॉक्टर सप्टेंबरबद्दल बोलायचं टाळत होते, पण नाही असंही म्हणत नव्हते.

काचेखाली जन्म काढलेल्या बाईला वाटतं, झाडाचं आपल्याला काय शिकवणार. पण रिनसने पहिल्याच आठवड्यात पाचही झाडांचे शेंडे खुडले. आमच्याकडे शेंडा खुडायचा म्हणजे झाडाला सांगायचं, बस, तुझं झालं. "इथे उलटं आहे, शेजारीणबाई," तो म्हणाला. "शेंडा गेला की झाड बगलेतनं फुटतं. त्या फुटी म्हणजेच झाड. त्यांना वाढू द्यायचं, आणि हळूहळू बाहेर वाकवून पिशवीच्या काठाला बांधायचं, म्हणजे सगळ्यांना दिवा सारखा मिळतो. एक उंच आणि बाकी उपाशी, असं नाही." मी जुने पायमोजे फाडून त्यांच्या पट्ट्या केल्या. पिशवीच्या काठाला छिद्रं पाडली. रोज सकाळी एकेक फूट बोटभर खाली, जोर न लावता, जसं झोपलेल्या माणसाचा हात अंगावरून बाजूला करावा. दुसऱ्या दिवशी ती टोकाशी पुन्हा वर वळलेली असायची. मग पट्टी एक छिद्र पुढे. रिनस दारात उभा राहून म्हणायचा, "तुमचा सगळा वेस्टलँड, काचघरांचा मुलूख, ताठ माणसांचा. चर्चमध्ये ताठ, काचघरात ताठ. इथे वाकायला लागतं." मला ते काम आवडू लागलं होतं. आवडलं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या थांब्यावर चालकाने दिवे बंद केले आणि मागे वळून म्हणाला, "बाई, इथून पुढे समुद्र." मी म्हणाले की मी याच गाडीने परत जाणार. तो म्हणाला, "सात मिनिटं लागतील, बसा." खिडकीतून नव्या विटांच्या घरांची रांग दिसत होती, प्रत्येक दारापुढे सायकल. पूर्वी इथून काच सुरू व्हायची. मी पाच वर्षांची असताना काचेखाली द्राक्षं होती. आई आणि मावश्या फळीवर उभ्या राहून बारक्या कात्रीने घडांची विरळणी करायच्या, मान दिवसभर वर, आणि कापलेले हिरवे मणी आम्हा मुलांच्या डोक्यावर गारांसारखे पडायचे. आई म्हणायची, घडाला हात लावायचा नाही, त्याच्या अंगावरची पांढरी धूळ गेली की भाव गेला. मग द्राक्षं गेली, टोमॅटो आले. मग मातीसुद्धा गेली, झाडं पांढऱ्या पिशव्यांत आली, लांबट, उशांसारख्या. लेन म्हणाला होता, आता झाडंपण दवाखान्यात भरती झाली. दोघं तेव्हा हसलो होतो.

लेन मला ओळींतच भेटला. तो डावखुरा. सुतळीभोवती झाड गुंडाळताना सगळे एकाच दिशेने गुंडाळत, सूर्य फिरतो तसं, कारण आज माझी ओळ उद्या दुसरीच्या हाती जाते आणि उलटसुलट वळसे पडले की झाड घसरून खाली बसतं. लेनचे वळसे उलटे पडायचे. त्याचा हातच तसा होता. मी कामावर नवी होते, सतरा नंबरच्या ओळीत गेले आणि पाहिलं तर सगळी झाडं उलटी चढलेली. मला वाटलं आपल्यालाच उमगलं, बाकी सगळे झोपलेत. मी एकेक सोडवून सरळ करत सुटले. पंधरा-वीस झाडं झाली असतील. मागून आवाज आला, "बाई, तुम्ही नवीन दिसताय." एवढा मोठा बाप्या मला, सतरा वर्षांच्या पोरीला, तुम्ही म्हणत होता, आणि चेहरा अगदी गंभीर. "माझी सकाळ उलगडून टाकलीत. आता दुपारही घेता का?" पुढे चौसष्ट वर्षं त्याने मला कधी तुम्ही म्हटलं नाही. एकदाच, लग्नाच्या दिवशी, गमतीने.

ट्राम निघाली. दुकानातून औषध घेऊन मी घरी आले तेव्हा परिचारिका जिन्यातच भेटली, घड्याळाकडे पाहत. लेन झोपला होता. मी कोट न काढता मागच्या खोलीचं दार उघडलं.

खिडकीकडची चार झाडं काठ्या झाली होती. खोड, त्यावर आडवी मोठी पानं, आणि प्रत्येक बेचक्यात एक स्वच्छ, लहान, ओली जखम. पिशवीच्या काठाला माझ्या पायमोज्यांच्या पट्ट्या रिकाम्या लोंबत होत्या. काम उत्तम झालं होतं. एकही फूट मी चुकवली नव्हती, एकही साल सोलली नव्हती. मालकाने खिसा बघितला असता तर मान डोलावली असती. मला आत कुठेतरी, लाजिरवाणं वाटलं तरी सांगते, त्या नीटनेटकेपणाचं समाधान वाटलं. आणि मग मी हेन्नीच्या पलंगावर बसले. पाचवं झाड दाराजवळ होतं. त्याच्या फुटी जिथे बांधल्या तिथे होत्या, सगळ्या, टोकं वर वळवून दिव्याकडे पाहत. परिचारिकेने हाक मारली तेव्हा मी त्याच्यापर्यंत पोचले नसणार.

रिनस वर आला, दारात थबकला आणि हसला. "शेजारीणबाई, हे काय, झेंड्याचे खांब?" त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो पुढे झाला, एका खोडावरून बोट फिरवत म्हणाला, "शेंडे मीच खुडलेत. म्हणजे आता…" मी खिसा टेबलावर रिकामा केला.

"परत फुटतील ना?" मी विचारलं.

"फुटतील. झाड आहे, कुठनं ना कुठनं फुटणारच." तो बोटांवर आठवडे मोजू लागला, आणि मी पाहतेय असं दिसल्यावर हात पाठीमागे घेतला. "लेनच्या बाटलीत किती आहे?"

"दोन बोटं. कमीच."

"हं." त्याने दाराजवळच्या झाडाकडे पाहिलं. "एक आहे की. एकाचंही पुरेल, नीट वाकवलं तर. एकट्या माणसाला किती लागतं." मग माझ्या शेजारी पलंगावर बसून म्हणाला, "सत्तावीस वर्षं ट्राम चालवली मी. घंटा डाव्या पायाखाली. अजून बायको जेवताना बोलायला लागली की माझा डावा पाय टेबलाखाली घंटा शोधतो. तिला वाटतं मला मुंग्या आल्यात." मी हसले. त्याला हवं होतं म्हणून हसले. पण रिनसचा पाय घंटा शोधतो तेव्हा तिथे फक्त फरशी असते.

लेनला मी त्याच दुपारी सांगितलं. त्या दिवसांत तो दुपारी दोन तास पूर्ण लेन असायचा. तो ऐकत होता, डोळे मिटून, आणि मग त्याची छाती हलू लागली. मला वाटलं दुखतंय. तो हसत होता. "चारही?" तो म्हणाला. "किती वेळ लागला?"

"काय ठाऊक. पाच मिनिटं."

"एक्क्याऐंशीव्या वर्षी चार झाडं पाच मिनिटांत. कोब, तुला अजून कुणीही कामावर ठेवेल." हसणं संपलं. मग म्हणाला, "माझ्या बाबांचं आठवतं तुला?" मला आठवत होतं. शेवटचे अकरा दिवस ते लेनच्या आईला तुम्ही म्हणत होते. बाई, तुम्ही कुणाकडच्या? बाई, माझ्या बायकोला निरोप द्याल का? सासूबाई प्रत्येक वेळी, हो, देते, म्हणायच्या आणि पदार्थ करपेपर्यंत चुलीपाशी उभ्या राहायच्या. "दुखलं तर दुखू दे," लेन म्हणाला. "पण तसं नको. जोवर आहे तोवर मीच असावा. तेवढं त्या झाडाला सांग." मी म्हणाले, सांगते.

आणि मी सांगितलं. रोज. त्या एका झाडाची मी जशी सेवा केली तशी ना हेन्नीची केली, ना आईची. खोलीत शिरताना हात पाठीशी बांधून शिरायचे. आधी मोठ्याने म्हणायचे, ही बगलफूट आहे, ही ठेवायची. स्वतःच्याच हातांवर पाळत. सकाळी दात घासतानासुद्धा मला अंगठ्याचा भरवसा नव्हता. वर चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून मी जाळी ताणली, प्रत्येक फुटीला तिचं घर दिलं. एकदा एक फूट वाकवताना करकरली, साल उकलली. मी पट्टीने बांधून, मोडलेल्या पायाला लावतात तशी काडी लावून ठेवली, आणि ती जगली, गाठ धरून जास्तच जाड झाली. तीन आठवड्यांत ते झाड ताटासारखं पसरलं. बाकीच्या चार खांबांवर कुठे कुठे हिरवा ठिपका दिसू लागला होता, पण रिनस त्यांच्याकडे बघत नसे आणि मीही. तो या एकावरून नजर फिरवून म्हणायचा, "आता फुलावर घेऊ. मग नऊ आठवडे." नऊ हा आकडा तो नेहमी दाराकडे जाता जाता सांगायचा.

लेनचं दुखणं आठवडे मोजत नव्हतं. दोन थेंबांचे चार झाले, चाराचे आठ, आणि जुलैच्या शेवटच्या मंगळवारी मी बाटली उलटी करून तळहातावर आपटली. त्यानंतर डॉक्टर आले, लेनच्या छातीवर दुखणं मारणाऱ्या औषधाची पट्टी चिकटवली, आणि माझ्याशी बोलायला मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. सप्टेंबर हा शब्द आता दोघांनीही काढला नाही. त्यांनी विचारलं, रात्री कुणी सोबतीला आहे का. हेन्नी शनिवारी येतेय, मी म्हणाले. ते म्हणाले, शुक्रवारी येता आलं तर बरं.

बुधवारी तो एकदा कोब म्हणाला, पाण्यासाठी. गुरुवारी सकाळी मी चमचा पुढे केला तर त्याने तोंड बाजूला केलं आणि सभ्यपणे म्हणाला, "नको, आभारी आहे. तुम्ही घ्या." मी चमचा वाटीत ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी बाटल्यांचे डबे रिकामे करत होतं, काचेवर काच आपटत होती. मी विचार केला, सासूबाईंना विचारायला हवं होतं, प्रत्येक वेळी हो म्हणताना त्या मनात काय म्हणायच्या. ते मी कधी विचारलं नाही. अशा कितीतरी गोष्टी विचारायच्या राहिल्या आणि ज्यांना विचारायच्या ती माणसं संपली.

दुपार झाली. जाळीतल्या फुटींच्या पट्ट्या बदलायच्या होत्या, दोन दिवस झाले होते. आता ते झाड कशासाठी, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पण पाणी घालायचं असतं तर घालायचं, पट्टी पुढे घ्यायची असते तर घ्यायची. लेनला एकटं सोडवत नव्हतं, म्हणून मी जाळी वरून सोडली, पिशवी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या खोलीत आणली आणि पलंगाला लागून स्टुलावर ठेवली. पाठीत कळ आली. मी खुर्ची ओढून बसले, पहिली गाठ सोडली. वास खोलीभर पसरला.

लेनचे डोळे मिटलेलेच होते. त्याचा डावा हात चादरीवरून उठला. चार दिवस त्या हाताने काही धरलं नव्हतं, मी त्यात माझा हात ठेवला तरी तो उघडाच राहायचा. तो पानाला लागला, पानावरून देठाला, देठावरून खोडाला. बोटं खाली उतरली, बेचक्यात थांबली. मी पाहत होते. अंगठा फुटीच्या मुळाशी गेला, तिला बाजूला लोटलं, आणि ती कट्कन निघाली. गाठ धरून जाड झालेली नव्हे, तिच्या वरची, कोवळी. त्याने ती खाली टाकली नाही. सदऱ्याचा खिसा चाचपून शोधला, छातीवरचा, आणि त्यात ठेवली. मग दुसऱ्या बेचक्याकडे.

मला त्याचा हात धरता आला असता. त्या हातात माझ्याएवढाही जोर उरला नव्हता. ते एकच झाड उरलं होतं, नऊ आठवडे लांब असलेलं, आणि पलीकडच्या खोलीत चार खांब. मी त्याचा चेहरा पाहिला. कपाळावरची आठी गेली होती. ओठ जरा पुढे आलेले, काम मनाजोगतं चाललं की यायचे तसे. तिसरी फूट निघाली. चौथीला त्याचा अंगठा घसरला, त्याने परत लावला, काढली. खिसा फुगू लागला होता. मग तो थांबला, डोळे किंचित उघडले, आणि माझ्याकडे, माझ्या दिशेला, पाहून म्हणाला, "बाई, तुम्ही नवीन दिसताय."

"हो," मी म्हणाले. "आजच आले."

"खाली टाकू नका हं काही."

"नाही टाकत."

त्याचे डोळे पुन्हा मिटले. हात पुढे आला, माझ्या बाजूच्या फुटींपर्यंत पोचेना, हवेतच शोधत राहिला. मी उरलेल्या गाठी एकेक करून सोडल्या आणि पिशवी फिरवून तिची दुसरी बाजू त्याच्याकडे केली.